केगेलच्या आधी, केगेलच्या नंतर

खोकला आला, शिंक आली, मनापासून हसू आले किंवा भरलेली कळशी उचलली, की थोडी लघवी सुटते. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या असंख्य बायकांचा हा रोजचा अनुभव आहे. काहींना घाईची लागते आणि मोरीपर्यंत पोचेतो उशीर झालेला असतो. या दुखण्याला आपल्याकडे धड नाव नाही. ‘वयाने होतं असं’ एवढ्यावर विषय मिटतो आणि मग हळूहळू बाई कीर्तनाला जाणे सोडते, लांबचा एसटीचा प्रवास टाळते, लग्नकार्यात पाणी पिईनाशी होते. घरातल्यांना वाटते, आजी आता थकल्या.

दुखण्याला नाव नसले तरी त्यावरच्या व्यायामाला जगभर एक नाव आहे, ‘केगेल’. फिजिओथेरपीच्या पुस्तकात, प्रसूतिगृहातल्या पत्रकात, मासिकांच्या आरोग्य पुरवणीत हेच नाव भेटते. एखाद्या व्यायामाला एका पुरुष डॉक्टरचे नाव पडते तेव्हा त्याआधी तो कोण करत होते आणि कोण शिकवत होते, हे विचारावेसे वाटते. त्या चौकशीत मला जे सापडले ते येथे मांडते.

आधी स्नायूंविषयी थोडे, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. पुढच्या बाजूचे जांघेमधले हाड आणि मागचे माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणून बसवलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग यांचा भार ती पेलते. तिच्यातून मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग असे तीन मार्ग खाली उतरतात. झोळी आवळली गेली की हे मार्ग वर उचलले जातात आणि मिटतात. खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो; निरोगी शरीरात त्याच क्षणी, किंबहुना क्षणभर आधी, ही झोळी आपोआप आवळते. बाळंतपणात ती ताणली जाते, कधी फाटते, तिच्या नसा दुखावतात. पुढे पाळी गेल्यावर त्या भागाचा भरीवपणा कमी होतो. त्यात जन्मभर उचललेली ओझी, चुलीच्या धुराने जडलेला खोकला, बद्धकोष्ठाने कुंथणे यांची भर पडते. तरीही हे स्नायू हाता-पायाच्या स्नायूंसारखेच इच्छेने हलवता येतात. जो स्नायू इच्छेने हलतो तो कसरतीने बळकट होतो, आणि हे साठीनंतरही खरे आहे. सगळा इतिहास या साध्या गोष्टीभोवती फिरतो.

आर्नल्ड केगेल हे लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ते शिकवत. १९४८ साली अमेरिकेच्या प्रसूती आणि स्त्रीरोगशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याच्या शीर्षकातच ‘वाढत्या प्रतिकाराचा व्यायाम’ अशा अर्थाचे शब्द आहेत. हे शब्द त्या काळी अमेरिकन वैद्यकात अगदी ताजे होते. दुसऱ्या महायुद्धात गुडघे आणि मांड्या निकामी झालेले सैनिक शिकागोच्या लष्करी इस्पितळात पडून असत. तेथे थॉमस डिलॉर्म नावाच्या तरुण डॉक्टरने त्यांना हलक्या हालचालींऐवजी जड वजने उचलायला लावली आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. त्याचा निबंध १९४५चा. सैनिकाच्या मांडीसाठी निघालेली कल्पना तीन वर्षांत बाईच्या ओटीपोटाच्या तळापर्यंत पोचली, याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात यापेक्षा ठळक व्हायला हवी होती असे मला वाटते.

पण मांडीवर वजन बांधता येते, या झोळीवर कसे बांधणार? केगेलने त्यासाठी एक उपकरण तयार केले, पेरिनिओमीटर. रबराची, हवा भरलेली छोटी नळकांडी योनिमार्गात ठेवायची. तिच्यापासून निघालेली नळी दाब दाखवणाऱ्या तबकडीला जोडलेली. बाईने स्नायू आवळला की काटा सरके. दिवसातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटे, म्हणजे रोजचा एक तास हा व्यायाम करायचा. काटा आज इथवर गेला, पुढच्या आठवड्यात त्याच्या पुढे. स्वतःच्या शरीरातली जी हालचाल कधी दिसलीच नव्हती ती बाईला डोळ्यांनी दिसू लागली. केगेलची खरी देणगी ही तबकडी आहे. स्नायू आवळायला सांगणारे त्याच्या आधीही होते.

केगेलचा म्हणून पुढे वारंवार सांगितला गेलेला यशाचा आकडा ८४ टक्के. शस्त्रक्रियेआधी व्यायाम करून पाहावा हा त्याचा आग्रह होता. मात्र त्याने व्यायाम न करणाऱ्या बायकांचा तुलनेसाठी गट ठेवला नव्हता. आजच्या कसोटीवर हे पुरावे कच्चे ठरतात. त्या काळी शस्त्रक्रियांचे पुरावेही याच जातीचे असत, हेही सांगायला हवे.

आता त्याच्या आधीचे. स्वीडनमध्ये १८१३ साली स्टॉकहोमला पेर हेन्रिक लिंग याने व्यायामाची राजमान्य संस्था काढली. तिथे शिकलेला थुरे ब्रांट (१८१९-१८९५) हा लष्करी अधिकारी होता, डॉक्टर नव्हे. अंग बाहेर येणाऱ्या बायकांवर तो मालिश आणि व्यायाम यांची जोड देऊन उपचार करी. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, ते कोणी दाबून धरले असताना विरोध करायचा आणि कंबर उचलायची, अशा त्याच्या कसरतींत तळाचे स्नायू आपोआप आवळले जात. १८८०च्या दशकात जर्मनीतल्या जेना विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी त्याला बोलावून त्याची पद्धत पाहिली. युरोपभर ती गाजली आणि तेवढीच संशयाने पाहिली गेली. एका बिगर-डॉक्टर पुरुषाने बायकांच्या शरीराच्या आत हात घालून मालिश करावे हे अनेकांना रुचले नाही, आणि त्यांचा संशय अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. पण मालिशीबरोबर व्यायामही बदनाम झाला.

लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळातली गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते. तिथे मिनी रॅन्डेल या परिचारिका, सुईण आणि मालिश-व्यायामाच्या शिक्षिका होत्या. पुढे तिथल्या फिजिओथेरपीच्या शाळेच्या त्या प्रमुख झाल्या. बाळंतपणानंतर बाईला दिवसेंदिवस अंथरुणात सपाट झोपवून ठेवण्याचा तो काळ. प्रसूतितज्ज्ञ फेअरबेर्न यांच्या सांगण्यावरून १९१२च्या सुमारास रॅन्डेल यांनी बाळंतिणींसाठी व्यायाम बसवायला सुरुवात केली. त्यांना पुढे जोडीदार मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. मार्गारेट मॉरिस (१८९१-१९८०) ही नर्तकी. ग्रीक आकृत्यांवरून रेमंड डंकन याने बसवलेल्या शरीरस्थितींतून तिने स्वतःची नृत्यपद्धती घडवली होती आणि चित्रकार जे. डी. फर्ग्युसन हा तिचा आयुष्याचा सोबती. नृत्यातला श्वास आणि शरीराचा तोल यांचा आजाऱ्यांना उपयोग होईल असे तिला वाटले, म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर ती सेंट थॉमसमध्ये जाऊन रीतसर फिजिओथेरपी शिकली. १९३६ साली या दोघींचे बाळंतपण आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांचे पुस्तक निघाले. तळाचे स्नायू आवळायचे आणि सैल सोडायचे, त्याने लघवी-शौचावरचा ताबा टिकतो आणि गेलेला परत मिळवता येतो, ही गोष्ट ब्रिटनच्या फिजिओथेरपीत मॉरिसने आणली असे मानले जाते. केगेलच्या निबंधाच्या बारा वर्षे आधी.

मग नाव केगेलचे का? एक तर त्याच्याकडे मोजण्याचे उपकरण होते आणि आकडे होते. दुसरे, तो डॉक्टर होता आणि डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहीत होता. रॅन्डेल-मॉरिस यांचे पुस्तक परिचारिका आणि शिक्षिका वाचत. १९४८ या एकाच वर्षी अमेरिकेत केगेलचा निबंध आला आणि ब्रिटनमध्ये प्रसूतीच्या क्षेत्रातल्या फिजिओथेरपिस्ट बायकांनी आपली संघटना काढली. निबंधातून व्यायामाला नाव मिळाले, संघटनेतून तो शिकवणारी माणसे. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त टिकाऊ ठरली.

इथे वाचकाच्या मनात आलेला प्रश्न मला दिसतो आहे. आपल्याकडे मूलबंध होता, अश्विनी मुद्रा होती, त्याचे काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, पण त्याचे उत्तर छाती फुगवून देण्यासारखेही नाही. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत मूलबंधाची कृती स्पष्ट आहे. टाचेने शिवणीचा भाग दाबायचा, गुदद्वार आवळायचे आणि अपान वायू वर ओढायचा. पुढे फलश्रुतीत म्हटले आहे की याच्या नित्य अभ्यासाने मलमूत्राचा क्षय होतो आणि वृद्धही तरुण होतो. घेरंडसंहिता त्यानंतरची. तिच्यात अश्विनी मुद्रा म्हणजे गुदद्वार पुन्हा पुन्हा आवळणे आणि सोडणे, जसे घोडी करते तसे. त्याने गुह्यरोग नाहीसे होतात असे ती सांगते. स्नायूच्या हालचालीपुरते बोलायचे तर अश्विनी मुद्रा आणि केगेलचा व्यायाम यांत फार अंतर नाही.

पण हेतू वेगळा आहे. मलमूत्राचा क्षय म्हणजे त्यांचे प्रमाण घटणे. ती गळायची थांबणे असा अर्थ त्यातून काढणे म्हणजे आजचा प्रश्न पंधराव्या शतकाच्या तोंडी घालणे. साधकाला हवे आहे ते प्राण आणि अपान यांचे ऐक्य. आणि ज्या वृद्धाला तारुण्याचे आश्वासन दिले आहे तो व्याकरणाने पुल्लिंगी आहे. चार बाळंतपणे झालेल्या बाईला कोणी हा बंध शिकवावा अशी सोय त्या ग्रंथांत मला आढळली नाही. कृती सांगितलेली होती, पण जिला तिची सर्वाधिक गरज होती तिच्यासाठी नव्हे.

तरीही महाराष्ट्राचा एक धागा या इतिहासात आहे, आणि तो ग्रंथातला नाही, प्रयोगशाळेतला आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना आतड्यात नेमके काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी नळी आणि दाबमापक वापरले, क्ष-किरणांनी चित्रे घेतली. नौलीच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो असे त्यांना दिसले आणि त्यांनी त्याला आपल्या गुरूंच्या नावाने ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. शरीराच्या आतल्या पोकळीत नळी ठेवून, स्नायूंच्या ऐच्छिक हालचालीने होणारा दाबातला बदल मापकावर वाचायचा, ही कल्पना केगेलच्या उपकरणाच्या दोन तपे आधी लोणावळ्यात चालू होती. एकाने दुसऱ्याचे पाहिले असे मी सुचवत नाही. पण मोजणारी माणसे आपल्याकडे होती, आणि त्यांनी तो दाबमापक दोन वीत पुढे, बायकांच्या दुखण्याकडे नेला असता तर काय झाले असते, हा विचार मला सोडत नाही.

पुन्हा अमेरिकेकडे. केगेलच्या निबंधानंतर एकाच वर्षाने, १९४९ साली, मार्शल, मार्केटी आणि क्रान्ट्झ यांनी मूत्रमार्गाचे तोंड टाके घालून वर टांगण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९६१ साली बर्च यांनी तिची सुधारित आवृत्ती आणली. रोजचा एक तास, महिनोन्‌महिने, एका बाजूला. एकदाची शस्त्रक्रिया दुसऱ्या बाजूला. डॉक्टरांचा आणि बहुधा बायकांचाही कल कुठे गेला असेल हे सांगायला नको. पेरिनिओमीटर कपाटात गेला आणि व्यायाम एका वाक्यात उरला: खालचे स्नायू आवळत जा. शिकवणे संपले, सांगणे राहिले.

सांगण्याने काय होते हे १९९१ साली मोजले गेले. अमेरिकेत बम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ बायकांना तोंडी सूचना दिल्या आणि त्या काय करतात ते उपकरणाने तपासले. नीट आवळता आले ते २३ जणींना. आणि १२ जणी असे काही करत होत्या की त्याने लघवी सुटणे उलट वाढावे. म्हणजे त्या वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या. आपल्याकडच्या बायकांना हे लगेच कळेल. त्या भागाविषयी आयुष्यात कोणी ठासून सांगितलेला एकच शब्द असतो, बाळंतपणातला ‘जोर कर’. आता त्याच्या नेमके उलटे करायचे आहे. वारा सरू नये म्हणून चारचौघांत आपण जसे आवरून धरतो, तसे. पोट, मांड्या आणि श्वास मोकळे ठेवून. हा फरक शिकवणारीच्या बोटांना कळतो, पत्रकातून कळत नाही.

नॉर्वेच्या कारी बो यांनी या व्यायामाला पुन्हा उभे केले. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत आणि ओस्लोच्या क्रीडाविज्ञान संस्थेत संशोधन करतात. १९९९ साली त्यांनी १०७ बायकांचे चार गट करून व्यायाम, विजेची उत्तेजना, योनीत धरायची वजने आणि काहीच नाही यांची सहा महिने तुलना केली. व्यायाम सरस ठरला. केगेलने जो तुलनेचा गट ठेवला नव्हता तो अर्ध्या शतकाने आला. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात १४ देशांतल्या ३१ चाचण्या आणि १,८१७ बायका होत्या. खोकल्या-शिंकेसरशी लघवी सुटणाऱ्यांपैकी व्यायाम केलेल्यांत ५६ टक्के जणींनी बरे झाल्याचे सांगितले, न केलेल्यांत ६ टक्के.

‘पण हे तरुण बाळंतिणींचे, म्हातारपणी काय उपयोग?’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन नोंदी पुरेशा आहेत, दोन्ही १९९८च्या. मिशिगनमध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी सरासरी ६८ वर्षे वयाच्या २७ बायकांना एकच युक्ती शिकवली: खोकण्याच्या क्षणभर आधी आवळून धरा. स्नायू बळकट व्हायला वेळ लागतो, पण युक्ती यायला आठवडा पुरला. आठवड्याने मध्यम खोकल्याच्या वेळची गळती ९८ टक्क्यांनी आणि जोराच्या खोकल्याच्या वेळची ७३ टक्क्यांनी घटली. या बायकांची तक्रार सौम्य होती हे लक्षात ठेवावे. दुसरी नोंद कॅथरीन बर्जिओ यांची. ५५ ते ९२ वर्षांच्या १९७ बायका, मुख्यतः घाईची लागणाऱ्या. स्नायूंचा व्यायाम आणि घाई आली की धावत न सुटता थांबून, आवळून ती ओसरू देण्याचे शिक्षण घेतलेल्यांचे प्रसंग सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाले. औषध घेणाऱ्यांचे ६८.५ टक्क्यांनी, खोटी गोळी घेणाऱ्यांचे ३९ टक्क्यांनी.

रोजचा एक तासही आता लागत नाही. ब्रिटनच्या २०१९च्या अधिकृत मार्गदर्शनात आधी किमान तीन महिने, शिकवणारीच्या देखरेखीखाली, दिवसातून तीन वेळा आठ-आठ आकुंचने एवढेच सांगितले आहे. योगाच्या बाजूनेही एक उत्तर आले आहे. २०२४ साली अमेरिकेत ४५ वर्षांपुढच्या २४० बायकांवर झालेल्या चाचणीत योगासनांचा वर्ग आणि साधा ताणण्याचा-बळकटीचा वर्ग यांची बारा आठवडे तुलना झाली. दोन्ही गटांचा फायदा झाला. दोहोंतला फरक मात्र किरकोळ. योगाभिमान्यांनी आणि योगद्वेष्ट्यांनी दोघांनीही हा निकाल शांतपणे वाचावा.

शस्त्रक्रियेच्या वाटेवर मधल्या काळात वेगळेच घडले. १९९६ साली स्वीडनच्या उल्म्स्टेन यांनी मूत्रमार्गाखाली प्लास्टिकची पट्टी घालण्याची सोपी शस्त्रक्रिया आणली. अनेकींना तिचा गुण आला. त्याच धाटणीची मोठी जाळी मग अंग बाहेर येण्यावरही वापरली जाऊ लागली. काही बायकांच्या शरीरात ती रुतली, असह्य वेदना मागे राहिल्या आणि त्यांच्या तक्रारींना वर्षानुवर्षे कोणी दाद दिली नाही. इंग्लंडने २०१८ साली दोन्हींचा वापर थांबवला. अमेरिकेने २०१९ साली अंग बाहेर येण्यावरच्या, योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री बंद केली. बॅरोनेस कम्बर्लेज यांच्या समितीचा अहवाल जुलै २०२०मध्ये आला. बायकांचे ऐकून घेतले गेले नाही, हा त्यातला मुख्य ठपका आहे.

ऐकून घेण्याविषयी आपल्याकडे एक जुनी नोंद आहे. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये ती जानेवारी १९८९मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, सरासरी प्रत्येकी साडेतीनहून अधिक. याआधी कधी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या बायका आठ टक्केही नव्हत्या. तो अभ्यास लघवीच्या तक्रारीचा नव्हता, पण न विचारलेले दुखणे किती मोठे असू शकते हे त्याने दाखवले.

कम्बर्लेज अहवालाच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२०मध्ये, कॅनडाच्या शांताल द्यूमुलँ यांची चाचणी प्रसिद्ध झाली. साठीपुढच्या ३६२ बायका. अर्ध्यांना एकेकटीने शिकवले, अर्ध्यांना आठ-आठ जणींच्या वर्गात. आठवड्याला एक तास, बारा आठवडे. वर्षभराने एकेकटीने शिकलेल्यांची गळती ७० टक्क्यांनी घटलेली होती, वर्गात शिकलेल्यांची ७४ टक्क्यांनी. वर्गाने काही कमी पडले नाही आणि शिकवणारीचा वेळ वाचला. आठ बायका एका खोलीत जमवणे आपल्या भजनी मंडळांना किंवा बचतगटांना अवघड नाही. मात्र कॅनडाच्या त्या प्रत्येकीची आधी एकदा स्वतंत्र तपासणी झाली होती, बरोबर आवळते आहे की खाली जोर देते आहे हे पाहण्यासाठी. अशी तपासणी करून शिकवणारी बाई तालुक्याच्या गावी कुठे बसते, असे मी गेली काही वर्षे जाईन तिथे विचारते. बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या गावाचे नाव सांगतात, आणि दोन ठिकाणी मला विचारले गेले, असे काही शिकवतात का?